गेममधले नोत्र दाम आणि नववीचा फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा: मुलाने कशावर विश्वास ठेवावा?

मुलुंडवासी यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा नववीत शिकतो आणि त्याच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा आहे. मे महिन्यात तो ठाण्याला काकांकडे राहायला गेला होता. त्याचा चुलत भाऊ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा गेम होता आणि सुट्टीतले जवळजवळ दोन आठवडे हे दोघे राज्यक्रांतीच्या काळातल्या पॅरिसच्या छपरांवरून फिरत होते. जूनमध्ये धडा समोर आला तेव्हा मिराबो, दांतो, रोबेस्पिअर ही क्रांतीतल्या नेत्यांची नावे त्याला आधीच ओळखीची झालेली होती. सीन नदीतले बेट कुठे आणि बॅस्टिलचा तुरुंग त्याच्या कोणत्या बाजूला, हे तो नकाशा न पाहता सांगतो. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण त्यापूर्वी परीक्षेचा आठवडा सोडला तर इतिहासाचे पुस्तक त्याच्या हातात मी पाहिले नव्हते.

अडचण नंतर आली. पॅरिसमध्ये पावाची टंचाई का झाली, या प्रश्नाच्या उत्तरात त्याने असे लिहिले की, लोकांनी राजाविरुद्ध उठावे म्हणून एका गुप्त संघटनेतील श्रीमंत व्यापारी बाईने धान्य दडवून ठेवले होते. पुस्तकात तर वाढलेली लोकसंख्या, बुडालेले पीक आणि न वाढलेली मजुरी ही कारणे दिलेली आहेत. मी ती त्याला दाखवली तेव्हा त्याचे म्हणणे असे पडले की, ज्यांनी नोत्र दाम हे पॅरिसचे कॅथेड्रल, म्हणजे मोठे चर्च, गेममध्ये दगडागणिक बरोबर उभे केले ते बाकीच्या गोष्टी खोट्या कशाला सांगतील? मग आम्ही दोघांनी बसून नोत्र दामची माहिती शोधली आणि गेममध्ये तिच्या छतावर दिसणारा टोकदार मनोरा राज्यक्रांतीनंतर कित्येक वर्षांनी बांधलेला आहे असे निघाले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “आई, मी त्या मनोऱ्यावर चढलो आहे.”

तेव्हापासून त्याने दुसरे टोक गाठले आहे. एक गोष्ट खोटी निघाली म्हणजे सगळेच खोटे, असे तो आता म्हणतो आणि धड्याकडे पाहायलाही तयार नाही. माझा प्रश्न असा आहे की, या गेममधल्या पॅरिसमधून त्याने काय खरे म्हणून घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवण्याची काही रीत आहे का? मी वाणिज्य शाखेची असल्यामुळे दहावीनंतर माझा इतिहासाशी संबंध आला नाही. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर मी ते त्याच्याबरोबर बसून वाचेन.


वास्तुजतन_फोर्ट

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे मनोऱ्यापासूनच सुरुवात करतो. आपल्या मुलाला झालेले दुःख मला समजते, पण त्या मनोऱ्याची खरी हकीकत त्याला कळली तर तो गप्प बसणार नाही, उलट आणखी विचारील असे मला वाटते.

नोत्र दामच्या छतावर १३व्या शतकात एक लाकडी मनोरा होता. शतकानुशतके वारा खाऊन तो इतका खिळखिळा झाला की १७८६ ते १७९२ या काळात तो उतरवण्यात आला. म्हणजे राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत पॅरिसच्या लोकांना दिसत होते ते मनोरा उतरवलेले किंवा उतरवत आणलेले कॅथेड्रल. गेममध्ये जो मनोरा आहे तो व्हिओले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने १८५९ मध्ये पूर्ण केला. महत्त्वाची गोष्ट अशी की त्यानेही जुन्या मनोऱ्याची हुबेहूब प्रतिकृती केली नाही. त्याने तो अधिक उंच आणि अधिक नक्षीदार केला. मनोऱ्याच्या पायथ्याशी त्याने १२ प्रेषितांचे तांब्याचे पुतळे बसवले आणि त्यांतल्या संत थॉमसला स्वतःचा चेहरा दिला. बाकीचे सगळे शहराकडे पाहतात, हा एकटा मान वर करून मनोऱ्याकडे पाहतो. वरच्या सज्जावरून खाली वाकून पाहणारे जे विचित्र प्राणी आपण छायाचित्रांत पाहतो, तेही याच माणसाच्या काळातले आहेत. तेव्हा जगाला ठाऊक असलेले ‘मध्ययुगीन’ नोत्र दाम हे बऱ्याच अंशी १९व्या शतकाने मध्ययुगाविषयी केलेली कल्पना आहे, आणि गेमने ती कल्पना आणखी सत्तर वर्षे मागे नेऊन ठेवली आहे. हाच मनोरा १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कोसळला. पुतळे दुरुस्तीसाठी चारच दिवस आधी खाली उतरवलेले होते म्हणून ते वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा त्याच्यावर १८५९ च्याच रूपातला मनोरा पुन्हा उभा केलेला होता.

गेम करणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे मुळीच नाही. मनोरा नसलेले नोत्र दाम आजच्या माणसाला नोत्र दाम वाटणार नाही, म्हणून त्यांनी तो जाणूनबुजून ठेवला. आपल्याकडे विचार करून पाहा. उद्या कोणी १८५७ च्या मुंबईवर गेम केला तर त्यात गेटवे ऑफ इंडिया नसेल, कारण ती कमान १९२४ ची आहे; बोरीबंदरची भव्य इमारत नसेल, कारण ती १८८० च्या दशकातली आहे; राजाबाई टॉवर नसेल, ताजमहाल हॉटेल नसेल. त्याऐवजी असेल ती कोटाची भिंत, तिच्याभोवतीचा खंदक आणि मोकळे ठेवलेले मैदान. बांद्र्याचा किंवा बोरिवलीचा मुलगा ते पाहून “ही मुंबई?” असेच विचारील. तिथे गेटवे उभा करण्याचा मोह कोणालाही होईल. पॅरिसच्या बाबतीत तो मोह आवरला गेला नाही, इतकेच.

इमारतींबद्दल माझे मत असे आहे की, या गेममधला आकार, उंची, आतल्या खांबांच्या रांगा, खिडक्यांतून येणारा उजेड हे सगळे आस्थेने आणि अभ्यासाने केलेले आहे आणि मुलाने ते जरूर लक्षात ठेवावे. मात्र प्रत्येक इमारतीपुढे ‘ही केव्हा बांधली आणि नंतर काय बदलले’ हा प्रश्न त्याने स्वतः ठेवावा. त्याला एक काम सांगतो. नोत्र दामच्या दर्शनी भिंतीवर तीन दरवाजांच्या वर २८ राजांच्या पुतळ्यांची ओळ आहे. ते बायबलमधले यहुदाचे राजे आहेत, पण १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी त्यांना फ्रान्सचे राजे समजून खाली ओढले आणि त्यांची डोकी उडवली. त्यांतली २१ डोकी १९७७ मध्ये पॅरिसमध्ये एका बांधकामाच्या वेळी जमिनीत सापडली आणि आज ती क्लुनी संग्रहालयात आहेत. गेममध्ये १७९४ ची दृश्ये सुरू असताना त्या ओळीत पुतळे आहेत की रिकामे कोनाडे, हे त्याने भावाला पाहायला सांगावे. असा एक शोध स्वतः लावला की खरे-खोटे निवडण्याची गोडी लागते.

एक गैरसमजही दूर करतो, कारण तो संदेशांतून अजून फिरत असतो. आगीनंतर कॅथेड्रल पुन्हा बांधताना या गेममधले मॉडेल वापरले असे सांगितले जाते. ते तसे नाही. पुनर्बांधणीला उपयोगी पडले ते अँड्र्यू टॅलन या अभ्यासकाने आगीच्या कितीतरी आधी लेझरने केलेले अचूक मोजमाप. गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्ट या कंपनीने पुनर्बांधणीला पाच लाख युरो दिले आणि एक आठवडा संगणकावर हा गेम विनामूल्य ठेवला, हे मात्र खरे आहे.


इतिहासशिक्षिका_पार्ले

वरील उत्तर मला फार आवडले, पण ताई, आपल्या मुलाने पावाबद्दल जे लिहिले ते मनोऱ्यापेक्षा खोल जाते, म्हणून मी त्याबद्दलच लिहिते. मनोऱ्याची चूक तारीख पाहिली की सापडते. ‘हे कोणी घडवून आणले?’ या प्रश्नाचे उत्तर गेमने बदलले तर ते कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही आणि मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

आधी पावाचे पाहू. १३ जुलै १७८८ रोजी उत्तर फ्रान्समध्ये भयंकर गारपीट झाली आणि उभे पीक गेले. त्यानंतरचा हिवाळा इतका कडक होता की नद्या गोठल्या. पाणचक्क्या थांबल्या आणि जे धान्य होते त्याचेही पीठ होईना, बोटींनी ते पॅरिसला आणताही येईना. चार पौंड वजनाचा पाव एरवी आठ-नऊ सूला (सू हे तेव्हाचे छोटे फ्रेंच नाणे) मिळत असे, तो १७८९ च्या आरंभी साडेचौदा सूपर्यंत गेला आणि साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सूच्या घरात होती. पाच माणसांच्या कुटुंबाला रोज तेवढा पाव लागला तर हाती काय उरेल, हा हिशेब आपल्या मुलाला करू द्यावा. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी बाजारातल्या हजारो बायका पावसातून व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत का चालत गेल्या, ते त्याला या हिशेबातून समजेल. तो मोर्चा गेममध्येही आहे.

आता गमतीचा नव्हे, महत्त्वाचा भाग. धान्य कोणीतरी मुद्दाम दडवले आहे, ही गोष्ट गेम लिहिणाऱ्यांनी हवेतून काढलेली नाही. त्या काळचे पॅरिसचे लोक स्वतःच तसे मानत होते. दरबार, मंत्री आणि व्यापारी मिळून गरिबांना उपाशी मारत आहेत, ही समजूत १८व्या शतकात पुन्हा पुन्हा उसळत असे आणि तिला ‘दुष्काळाचा कट’ असे नावही पडलेले होते. बॅस्टिल पडल्यावर आठच दिवसांनी, २२ जुलै १७८९ रोजी, फूलों नावाच्या वृद्ध मंत्र्याला जमावाने ठार मारले आणि त्याच्या तोंडात गवत कोंबले, कारण भुकेल्यांनी गवत खावे असे तो म्हणाल्याची वदंता होती. साठेबाजी करणारे व्यापारी होतेच, तो भाग नाकारण्याचे कारण नाही. पण टंचाईचे मूळ एका कटात नव्हते. म्हणजे आपल्या मुलाने जे लिहिले ते पावाच्या टंचाईचे कारण नसले, तरी टंचाईने ग्रासलेल्या माणसांच्या मनातली समजूत आहे. उत्तरात त्याने ‘धान्य दडवले होते’ याऐवजी ‘धान्य दडवले आहे असे लोक मानत होते’ असे लिहिले असते, तर मी त्याला पूर्ण गुण देऊन वर शाबासकी दिली असती.

हे एकदा लक्षात आले की गेमची सगळी कथा वेगळी दिसू लागते. मिराबो एप्रिल १७९१ मध्ये आजाराने गेला. त्याच वेळी विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली आणि शवविच्छेदन करावे लागले. गेममध्ये त्याला खरोखरच विष दिले जाते. ल पेलतिए या प्रतिनिधीने राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले, म्हणून २० जानेवारी १७९३ रोजी पारी नावाच्या एका माजी शाही अंगरक्षकाने पॅरिसमधल्या पाले-रोयाल या राजवाड्याच्या आवारातल्या उपाहारगृहात त्याला भोसकले. गेममध्ये जागा आणि दिवस तोच आहे, हात मात्र नायकाचा. रोबेस्पिअरच्या जबड्याला अटकेच्या रात्री गोळी लागली. ती त्याने स्वतः झाडली की एका शिपायाने, यावर आजही दोन मते आहेत, आणि गेमने ती फट पाहून तिथे आपल्या नायिकेला उभे केले. अशा फटी शोधून त्यांत कथा बसवणे ही या मालिकेची पद्धतच आहे. हे काम आळशी माणसाचे नव्हे.

सर्वांत मोठी वदंता टेम्प्लरांची, म्हणजे गेममधल्या दोन गुप्त संघटनांपैकी एकीची. या ख्रिस्ती योद्ध्यांचा प्रमुख जाक द मोले याला १३१४ मध्ये पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले आणि गेमची सुरुवात त्याच्यापासूनच होते. जवळजवळ पाचशे वर्षांनी, ऑगस्ट १७९२ मध्ये सोळाव्या लुईला कैद करून ज्या बुरुजात ठेवले तो टेम्प्लरांच्याच जुन्या गढीचा बुरूज होता आणि तिथूनच २१ जानेवारी १७९३ रोजी त्याला गिलोटिनकडे नेण्यात आले. एवढा योगायोग समोर असल्यावर लोकांच्या कल्पनाशक्तीला आवर कसा बसणार? १७९७ मध्ये बार्युएल नावाच्या, देश सोडून लंडनला गेलेल्या पाद्र्याने असे मांडले की, टेम्प्लरांपासून गुप्त मंडळांची एक साखळी चालत आली आणि तिनेच राज्यक्रांती घडवली. त्याला हे लिहावेसे का वाटले, हे पाहण्यासारखे आहे. लाखो शेतकरी, विणकर, नानबाई, मासळी विकणाऱ्या बायका स्वतःच्या बुद्धीने उठल्या हे ज्याला मान्यच करायचे नसते, त्याला पडद्यामागचा सूत्रधार लागतो. मला या गेमबद्दल खरी खंत वाटते ती इथे. रस्त्यावर हजारो माणसांची गर्दी इतक्या जिवंतपणे दाखवणाऱ्या गेमने त्या गर्दीच्या हातातला निर्णय काढून दोन गुप्त संघटनांच्या हाती दिला. २०१४ मध्ये गेम आला तेव्हा फ्रान्समधले डावे नेते मेलाँशाँ यांनी जवळजवळ हाच आक्षेप घेतला होता. त्यांची भाषा मला टोकाची वाटते, आक्षेप मात्र रास्त वाटतो.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसाला तिथे मुद्दाम मारतात अशी अफवा गिरणगावात पसरली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. ती भीती खरी होती; घरात घुसून माणसांना उचलून नेणाऱ्या सरकारी कारभाराने ती पोसली होती. आता कोणी त्या वर्षांवर गेम केला आणि त्यात रुग्णालयातले डॉक्टर खरोखरच एका गुप्त मंडळाचे मारेकरी दाखवले, तर परळच्या चाळींची रचना कितीही अचूक असली तरी त्या काळच्या कामगारांनाही न्याय मिळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही.


गिरगावकर_१९५८

शिक्षिकाबाईंच्या विद्वत्तेबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. हा गेम सुरू होताना पडद्यावर स्पष्ट लिहून येते की, ही ऐतिहासिक घटनांवरून सुचलेली काल्पनिक कृती आहे. आमच्या लहानपणी ऐतिहासिक नाटकांत घडलेल्या प्रसंगांना रचलेल्या संवादांची जोड असे आणि आम्ही ते ऐकूनच इतिहासाच्या वाटेला लागलो. नाटककाराला जे स्वातंत्र्य आपण देतो ते गेम लिहिणाऱ्याला का देऊ नये? मुलाने उत्तरात चूक केली ती सुधारता येईल. त्याला रोबेस्पिअर कोण हे जाणून घ्यावेसे वाटले, ही कमाई मोठी आहे.


इतिहासशिक्षिका_पार्ले

काका, स्वातंत्र्य द्यावे याबद्दल दुमत नाही. फरक मला एवढाच दिसतो की, नाटकात आपण प्रेक्षकात बसलेलो असतो आणि रंगमंचावरचा राजा हा नट आहे हे डोळ्यांना दिसत असते. गेममध्ये मुलगा स्वतः तिथे असतो. “मी त्या मनोऱ्यावर चढलो आहे” हे त्याचे वाक्य पाहावे. नाटक पाहून आलेला मुलगा “मी रायगडावर होतो” असे म्हणत नाही. सुरुवातीची सूचना दहा सेकंदांत जाते आणि चढण्याची आठवण राहते. म्हणून बंदी नको, पण बरोबर बसून बोलणारे कोणीतरी हवे, जे या ताई करत आहेतच.


थ्रीडी_अंधेरी

मी अंधेरीत एका स्टुडिओमध्ये थ्रीडी कलाकार म्हणून काम करतो आणि आमच्या कामात जुन्या शहरांचे भाग उभे करावे लागतात. गेममधले शहर तसे का दिसते, याची काही कारणे आमच्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, खेळणाऱ्याला वाट सापडली पाहिजे. म्हणून दोन-तीन उंच इमारती शहरातून कुठूनही दिसतील अशा ठेवाव्या लागतात. नोत्र दामचा मनोरा हे कामही करतो. नायक भिंतीवर चढणार असेल तर हाताला धरायला खोबणी, कठडे, सळ्या हव्यात, आणि एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर मधले अंतर ठरावीक हवे. खऱ्या शहरातल्या घरांनी हे माप पाळलेले नसते, मग आम्ही घरे सरकवतो. पाठलागासाठी गल्ल्या रुंद करतो. १९व्या शतकाच्या मध्यात ओसमान या अधिकाऱ्याने मोठे रस्ते काढण्यापूर्वी पॅरिसची वस्ती फार दाट होती आणि नोत्र दामच्या अंगणापर्यंत घरे आलेली होती. तितकी दाटी गेममध्ये आणली तर कॅमेरा भिंतीत अडकेल. साधी घरेही एकेक करून बनवली जात नाहीत. खिडक्या, दारे, भिंतीचे तुकडे यांचा एक संच बनवून त्याच्या वेगवेगळ्या जुळण्या केल्या जातात. याउलट नोत्र दामवर एका कलाकार बाईंनी जवळजवळ दोन वर्षे काम केले. तेव्हा मुलाने असा अंदाज बांधावा की, ज्या वास्तूवर एवढा वेळ गेला तिथे तपशील विश्वसनीय असण्याची शक्यता जास्त आणि दोन वास्तूंच्या मधली वस्ती ही बहुतेक कलाकाराची जुळणी.

याच मालिकेतल्या फ्लॉरेन्सच्या भागात एक उदाहरण आहे जे आमच्या क्षेत्रात चर्चिले जाते. २६ एप्रिल १४७८ रोजी तिथल्या सत्ताधारी घराण्यातल्या जुलियानो द मेदिची याचा खून कॅथेड्रलच्या आत, प्रार्थना सुरू असताना झाला. गेममध्ये हल्ला बाहेरच्या चौकात होतो, कारण तलवारबाजीला आणि गर्दीला मोकळी जागा लागते. माणसे खरी, दिवस खरा, पण देवळाच्या आत रक्त सांडल्याचा जो धक्का त्या शहराला बसला असेल तो चौकात निसटून जातो. मला तो बदल मनोऱ्यापेक्षा जास्त खटकतो. मालिकेतल्या बगदादची गोष्ट आणखी वेगळी. ७६२ मध्ये खलिफा मन्सूरने वसवलेल्या गोल शहराचे आज काहीच उरलेले नाही. तिथे कलाकाराला जुन्या वर्णनांवरून शहर उभे करावे लागते, आणि पाहणाऱ्याला ताडून पाहायला समोर वास्तूच नसते.

आणि ताई, एक काळजीची गोष्ट. युरोपात या गेमला १८ वर्षांवरील वयोगटाचे मानांकन आहे. त्यातली हिंसा बरीच उघडी आहे. चौदा वर्षांच्या मुलासाठी याच मालिकेतल्या इजिप्त आणि ग्रीसच्या भागांवरून केलेली ‘डिस्कव्हरी टूर’ मी सुचवेन. तीत मारामारी नाही. मार्गदर्शक सहली आहेत आणि कुठे इतिहास सोडून कल्पना केली तेही काही ठिकाणी सांगितलेले आहे. उदाहरणार्थ, इजिप्तच्या शाळेत मुलांबरोबर मुली बसलेल्या दाखवल्या आहेत आणि प्रत्यक्षात तसे नव्हते हे तिथेच मान्य केले आहे. पॅरिससाठी अशी सहल नाही, ही मोठी उणीव आहे.


मुलुंडवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी हे सगळे वाचले. वयोगटाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. दिरांशी बोलले आहे आणि तो गेम आता बंद राहील. पावाचा हिशेब त्याने वहीत मांडला आणि पंचवीस सूंतून साडेचौदा गेल्यावर भाडे, सरपण आणि कपडे कशातून, हे त्याने स्वतःच विचारले. उत्तरातले वाक्य त्याने ‘असे लोक मानत होते’ असे बदलले आहे. राजांच्या पुतळ्यांचे काम त्याने भावाला फोन करून सांगितले असून त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

गेटवे नसलेली मुंबई मात्र त्याच्या डोक्यात बसली आहे. आज सकाळपासून तो विचारतो आहे की, कोटाला भिंत होती तर दरवाजे कुठे होते आणि चर्चगेटला गेट का नाही? या रविवारी त्याला फोर्टमध्ये घेऊन जाणार आहे. काय दाखवावे, कृपया सांगावे.


वास्तुजतन_फोर्ट

कोटाला तीन मुख्य दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बाजारगेट. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात भिंती आणि दरवाजे पाडले गेले. चर्चगेट हे नाव सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा म्हणून पडले होते आणि तो दरवाजा आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे होता. स्थानकाने नाव घेतले, पण ते दरवाजापासून बरेच पश्चिमेला, कोटाच्या बाहेर आहे.

रविवारी सकाळी चर्चगेट स्थानकावर उतरा आणि फ्लोरा फाउंटनपर्यंत चालत या. ओव्हल मैदान उजव्या हाताला राहील. भिंतीवरच्या तोफांना मोकळा मारा मिळावा म्हणून जी जागा रिकामी ठेवली होती, तिचाच तो उरलेला तुकडा आहे. फाउंटनपाशी त्याला सांगा की आता आपण कोटाच्या आत शिरत आहोत. तसेच सरळ पुढे गेले की १७१८ मध्ये उघडलेले सेंट थॉमस चर्च लागेल. ते भिंत असतानाही तिथेच होते. तिथून उत्तरेला बाजारगेट स्ट्रीटने बोरीबंदरच्या दिशेने चालत जा आणि शेवटी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला जुन्या किल्ल्याचा जो दगडी भाग शिल्लक आहे तो दाखवा. त्या भिंतीला त्याला हात लावू द्या.